बंगल्याचा अर्ज

(बडोद्यात दांडिया बाजारात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कमाटीबागेत आपण सगळेच शेंगा खात हिंडलो आहोत. सप्टेंबर १९१७ मध्ये याच बागेत बाबासाहेब आंबेडकर पाच तास बसून होते, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत. संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेला माणूस पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं.

ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. माझं मन मात्र दरवेळी एका बारक्या तपशिलावर अडतं. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला आणि उत्तर यायच्या आत अकरावा दिवस उजाडला. सयाजीरावांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही; १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं शिक्षण त्यांनीच आणलं. बंगला कोणी नाकारलाही नव्हता. काठ्यावाले दिसले, म्हणून ते लक्षात राहिले. अर्ज कुणाच्या लक्षात राहतो?

आजचा विषय वर्णद्वेषाचा, आणि जात व कातडीचा वर्ण एकच असं मी म्हणत नाही. पण १९६७ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीतले स्टोकली कारमायकल आणि राज्यशास्त्राचे अभ्यासक चार्ल्स हॅमिल्टन यांनी ‘संस्थात्मक वर्णद्वेष’, म्हणजे संस्थांच्या रोजच्या कारभारातून होणारा भेद, मांडला तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता. चर्चमध्ये बॉम्ब ठेवणारे सगळ्यांना दिसतात. त्याच शहरात अन्न-औषधावाचून दरवर्षी दगावणारी काळी बाळं दिसत नाहीत.

यंत्रणा कशी चालते ते पाहा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा उत्तम, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे घरकर्ज द्यायला धोक्याचा. काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. घरकर्जाला सरकारी विमा देणारी संस्था १९३४ मध्ये निघाली, तीही अशा वस्त्यांना हात लावेना. कर्ज नाकारणारा क्लार्क घरी अगदी सज्जन असेल. तो नियम पाळत होता. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतला हा भेद बेकायदा ठरला. तोवर गोऱ्या कुटुंबाचं घर झालं होतं, किंमत वाढली होती, त्यावर मुलांचं कॉलेज झालं होतं. तिकडे शाळांचा बराच पैसाही तिथल्याच घरपट्टीतून येतो. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर निघाली, काळ्या कुटुंबाची ४४,९००. मधलं म्हणजे सरासरी नव्हे, रांगेत बरोबर मध्यावर उभं असलेलं.

आता माझं सांगतो. आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. भाडेकरूच्या एनओसीच्या फॉर्मवर एक रकाना आहे: शहरात स्वतःचं घर असलेल्या दोन ओळखीच्यांच्या सह्या. चोरीमारी झाल्यावर घातलेला, त्यात कुणाचा रंग लिहिलेला नाही. एका संध्याकाळी आफ्रिकेतून शिकायला आलेली दोन मुलं फॉर्म न्यायला आली. फ्लॅटमालक तयार होता. मी चहा पाजला, रकाना दाखवला. एकजण म्हणाला, “अंकल, आम्हाला ओळखणारे सगळे होस्टेलवरच राहतात.” मी म्हटलं, नियम आहे बाबा.

त्याच महिन्यात पुण्याहून बदलीवर एक जोडपं आलं. त्यांचंही इथे कुणी नव्हतं. सह्या मी आणि खजिनदारांनी ठोकल्या. आपलीच माणसं ना!

वर्षअखेरीला मी अहवाल वाचला: आलेले अर्ज सतरा, मंजूर सतरा. टाळ्या पडल्या. त्या मुलांनी फॉर्म भरून दिलाच नव्हता, मग नकार मांडणार कुठे? परवा झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर आमच्या वॉचमनने नवीन शंभर प्रती काढून नेल्याचं कळलं. रकाना तोच आहे.