कोपराशी कोण उभं होतं?

मित्रहो, भयकथा लिहिणारी मंडळी माझ्याकडे एक तक्रार नेहमी घेऊन येतात. खलनायक वादक केला, तर त्याचं वादन कागदावर ऐकवायचं कसं? मी म्हणतो, वादन लिहूच नका. ऐकणाऱ्यांच्या तोंडच्या वावड्या लिहा. निकोलो पागानिनी या इटालियन व्हायोलिनवादकाचं भूत युरोपने तसंच उभं केलं, तेही तो जिवंत असताना.

१७८२ साली जिनोआत जन्मलेला हा माणूस. मेहनतीत कसूर झाली की बाप जेवण बंद करायचा. असा हात तयार झाला की आपण म्हणतो, सरस्वती प्रसन्न आहे. तिकडे सैतान आठवला. व्हिएन्नात तो स्वतःचीच 'चेटकिणी' नावाची रचना वाजवत होता (नाव तरी काय निवडावं!), तेव्हा एक श्रोता म्हणाला, याच्या कोपराशी सैतान उभा राहून गज फिरवतोय. ही हकीगत खुद्द पागानिनीने सांगितलेली, म्हणजे थोडं मीठमसाला त्याचाही असणार. पुढे मात्र गंमत अंगाशी आली. आपण सैतानाचं पोर नाही हे पटवायला बिचाऱ्याला आईचं पत्र छापावं लागलं.

मला सगळ्यांत आवडते ती तारेची वावडी. व्हायोलिनच्या सर्वांत खर्जातल्या एकाच तारेवर तो अख्खी रचना वाजवायचा. लोकांनी जोडून दिलं: प्रेयसीचा खून करून हा तुरुंगात होता, तिथे एकेक तार तुटत गेली, उरली ती एकच, आणि ती तिच्याच आतड्याची. आता बघा, त्या काळी तारा खरोखरच आतड्याच्या असत. मेंढीच्या! वावडीने फक्त प्राणी बदलला. भयकथेला एवढाच बदल पुरतो.

शेवटी त्याचा आवाज गेला. ओठांच्या हालचाली बघून मुलगा आकिले त्याचं बोलणं लोकांना सांगायचा. मे १८४० मध्ये तो नीसला वारला, आणि तिथल्या बिशपने दफनाला जागा नाकारली. मसाले भरलेलं ते प्रेत या ना त्या ठिकाणी पडून राहिलं. आसपासच्यांना रात्री व्हायोलिन ऐकू येतं अशी दंतकथा उठली. पार्माच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली ती १८७६ मध्ये. छत्तीस वर्षांनी.

त्याचं व्हायोलिन अजून जिनोआत आहे, १७४३ चं, ग्वार्नेरी या व्हायोलिन घडवणाऱ्या कारागिराच्या हातचं. आवाज दणदणीत म्हणून त्याचं नाव 'तोफ'. मधूनमधून ते बाहेर काढतात, एखादा वादक वाजवतो. तुमची कथा तिथून सुरू करा. वादकाने गज तारेवर टेकवलाय. सगळं सभागृह त्याच्या बोटांकडे बघतंय, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी फक्त कोपराकडे.