अधिक चिन्ह गेलं कुठं?

मंडळी, पत्रिकेत विषय ‘वेब सर्व्हरमध्ये क्वेरी पॅरामीटर कसे वाचावेत’ असा छापलाय आणि अध्यक्षांनी ओळख करून देताना त्याला गहन म्हटलं. गहन काही नाही हो. पत्त्यात प्रश्नचिन्ह येतं, पुढे गाव=सांगली&पान=२ असलं काहीतरी असतं, फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हर लिहायचा तयार सांगाडा, ते सोडवून आपल्या हातात देतं. एका ओळीचं काम. माझं भांडण त्या एका ओळीशीच आहे. ती लिहिताना आपण धरून चालतो की या मजकुराचा अर्थ कुणीतरी वर बसून ठरवलाय.

ठरवलेला नाही. यूआरआयचं, म्हणजे वेबपत्त्याचं, मानक म्हणजे आरएफसी ३९८६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद), २००५ सालचं, लेखकांत खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली. क्वेरी पहिल्या प्रश्नचिन्हापासून सुरू होते आणि हॅशपाशी किंवा पत्त्याच्या शेवटी संपते, एवढं त्यात पक्कं आहे. आत नाव-बरोबर-किंमत अशा जोड्याच हव्यात, असा नियम नाही. जोड्या आल्या एचटीएमएलच्या फॉर्ममधून. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये त्यांची रीत लिहून ठेवली आहे आणि तिथंच आणखी एक खोडी करून ठेवलीय: स्पेसच्या जागी अधिक चिन्ह लिहायचं. इकडे ३९८६ ला विचाराल तर अधिक म्हणजे अधिकच, स्पेस हवी तर टक्का-दोन-शून्य (%20) लिहा. एकाच पत्त्यावर दोन कायदे.

आता माझी आवडती गोष्ट. पहिल्या रांगेतल्या दोघांनी ती ऐकलेली दिसते, त्यांनी सांभाळून घ्यावं.

एका ग्राहकाच्या लॉगिनला ओटीपी जायचा. एसएमएस पाठवणारी कंपनी बाहेरची, नाव सांगत नाही. तिला नंबर यूआरएलमधूनच द्यायचा: मोबाइल=+९१ आणि पुढे दहा आकडे. उत्तर यायचं, ‘नंबर अवैध’. तोच नंबर त्यांच्या पॅनेलवर हाताने टाकला की मेसेज पोचायचा. तक्रार केली. त्यांचा सपोर्टवाला म्हणाला, ‘सर, तुमच्याकडून नंबरच्या आधी स्पेस येतेय.’ ग्राहकाकडचा पोरगा म्हणाला, ‘स्पेस कुठली, मी अधिक पाठवतोय.’ दोघंही शपथेवर खरं बोलत होते. पोराने पत्ता जावास्क्रिप्टच्या एन्कोड-यूआरआय या फंक्शनमधून काढला होता; पत्त्यात न चालणारी चिन्हं ते असल्या टक्क्याच्या खुणांत बदलतं. ते अधिकला हात लावत नाही. एन्कोड-यूआरआय-कंपोनंट वापरलं असतं तर अधिकचं टक्का-दोन-बी (%2B) झालं असतं. पलीकडे फॉर्मच्या रीतीने वाचणारा सर्व्हर. त्याने अधिक पाहिलं की स्पेस केली. (‘सी++’ शोधणाऱ्यांनाही हाच प्रसाद मिळतो. सर्व्हरला ‘सी’ मिळतो, मागे दोन स्पेस.)

इथं थांबले असते तर मी आज दुसऱ्या विषयावर बोलत असतो. पण त्या कंपनीने ‘फिक्स’ केला. आधी स्पेस ट्रिम केली. उरले बारा आकडे. मग कुणीतरी दुसरी ओळ घातली: सुरुवातीला ९१ असेल तर काढून टाका. उरले दहा. एसएमएस जायला लागले, पेढे वाटायचेच राहिले.

आता, वेबसाइट नंबरला +९१ लावून पाठवायची, पण मोबाइल ॲप नुसते दहा आकडे पाठवायचं. आणि ग्राहकाच्या हिशेब विभागातल्या एका बाईंचा नंबरच ९१ ने सुरू होणारा! आपल्याकडे असे नंबर ढिगाने आहेत. त्यांचे ९१ कापले, उरले आठ आकडे, ओटीपी वाऱ्यावर. बाईंना सगळ्यांनी सांगितलं, तुमचं नेटवर्क वाईट. त्यांनी बिचाऱ्यांनी नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून घेतला. पोर्ट केल्यावर नंबर तोच राहतो, त्यामुळे दोषही इमानदारीने सोबत गेला. एका अधिक चिन्हाचा अर्थ दोघांनी दोन लावला, आणि सिमकार्ड बदललं तिसऱ्याच माणसाने.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘पाच मिनिटं.’ मूळ विषय अजून सुरू व्हायचाय. असो, पळू या.

एकच नाव दोनदा आलं तर काय? रक्कम=१०&रक्कम=१००००. सर्व्हर लिहायच्या भाषा आणि फ्रेमवर्क यांचं यावर एकमत नाही. पीएचपी आणि जँगो शेवटची किंमत देतात. फ्लास्क, गो आणि जावा सर्व्हलेट पहिली. एक्सप्रेस दोन्हींची यादी हातात ठेवतं. तुम्ही स्ट्रिंग समजून त्यावर फंक्शन चालवता आणि पाचशेची एरर (म्हणजे सर्व्हरच अडखळला) खाता. दोन सर्व्हर एकामागे एक असतील तर पुढचा तपासनीस पहिली रक्कम बघून हो म्हणतो, मागचा सर्व्हर दुसरी वळती करतो. स्तेफानो दि पाओला आणि लुका कारेत्तोनी यांनी २००९ मध्ये हा प्रकार ‘एचटीटीपी पॅरामीटर पोल्यूशन’ या नावाने मांडला. अजून चालतो.

पान= असं रिकामं येणं आणि पान मुळातच नसणं या वेगळ्या गोष्टी. गो भाषेचं गेट हे फंक्शन दोन्हींना रिकामी स्ट्रिंग देतं. पायथनचं पार्स-क्यूएस न सांगता रिकामी किंमत गाळूनच टाकतं. आकड्यांचं तर विचारू नका: देवनागरी ‘२’ पायथनचं इंट मुकाट्याने दोन धरतं, जावास्क्रिप्टचं नंबर म्हणतं हा आकडाच नाही.

म्हणून माझं म्हणणं: हँडलरमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) ठिकठिकाणी हात घालून पॅरामीटर काढू नका. दारातच एका जागी सगळे वाचा. कुठली नावं चालतील, प्रत्येक किती वेळा, कुठल्या प्रकारचं, नसेल तर काय धरायचं, हे तिथं लिहा. बसत नसेल ते चारशे (म्हणजे ‘विनंती चुकीची’) देऊन परत पाठवा; ट्रिम करून, कापून, अंदाजाने दुरुस्त करू नका. ओटीपी, टोकन, पासवर्ड क्वेरीत नकोच. अपाची आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरांच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे विनंत्यांच्या नोंदवहीत, अख्खी ओळ प्रश्नचिन्हासकट उतरते.

चिठ्ठी नंबर दोन. एकच सांगतो, हे इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. ‘कऱ्हाड’ शोधा. कुणी ऱ हे एकच अक्षर टाकून हलन्त देतो, कुणाचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि झिरो-विड्थ-जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही तसेच दिसतात, पर्सेंट-एन्कोड केल्यावर वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत) केलं तरी ते एक होत नाहीत. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ तेवढा एनएफसी सांभाळतं, जॉइनरवाला नाही. ती अदलाबदल आपल्यालाच हाताने लिहावी लागते, आणि तीही दारातच, डेटाबेसला विचारायच्या आधी.

घ्या, प्रश्न विचारा. सातारा जिल्ह्यातल्या मंडळींना आधी संधी.