राखण ठेवायची, पण चूक सुधारायची: एमएसवरील संशोधनाची नवी दिशा

नमस्कार. मे महिन्यातल्या दमट दुपारी पाखाडी चढून घरी आलेल्या माणसाला डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, पाय जड झाले, तर आपल्याकडे त्याला पंख्याखाली बसवून कोकम सरबत देतात आणि विषय तिथेच संपतो. बहुतेक वेळा तो उन्हाचाच त्रास असतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, झालेल्या व्यक्तीला हाच अनुभव वेगळ्या कारणाने येतो. तिच्या मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण जागोजागी नष्ट झालेले असते, त्यातून संदेश जेमतेम पुढे सरकत असतो आणि अंगातली उष्णता थोडी वाढली तरी तो अडतो. विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याची नोंद केली. शरीर थंड झाले की हा त्रास ओसरतो. मात्र एका डोळ्याची दृष्टी दुखण्यासह मंदावली किंवा अंगाच्या एका भागातला बधिरपणा दिवसभरानंतरही टिकला, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्यास उशीर करू नये.

हे आवरण नष्ट करते ती आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा. हापूसच्या बागेत राखणीला ठेवलेला माणूस घरच्यांनाच चोर समजू लागला, तर सगळी राखण काढून टाकणे हा एक उपाय झाला. त्याला घरच्यांची ओळख पटवून देणे हा दुसरा. आजची बरीचशी प्रभावी औषधे पहिल्या मार्गाने जातात. ऑक्रेलिझुमॅबसारखे औषध विशिष्ट बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी करते आणि त्यामुळे आजाराचे झटके खरोखरच घटतात, पण संसर्गाचा धोका वाढतो. पावसाळ्यात चिखलात उतरून भातलावणी करणाऱ्या, लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाची धास्ती बाळगणाऱ्या आपल्या भागात ही किंमत लहान नाही.

दुसऱ्या मार्गाला शास्त्रीय आधार आहे. टी पेशी याही प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी; त्यांपैकी आपल्याच अवयवांवर होणारे हल्ले रोखणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या आणि या विषयातील कार्यासाठी त्यांना, मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एमएसमध्ये प्रश्न असा आहे की या पेशींना नेमके मायलिनच्या बाजूने उभे कसे करावे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यात ९ रुग्णांचे रक्त काढून त्यातल्या पेशींना मायलिनच्या प्रथिनांचे ७ छोटे तुकडे रासायनिक रीतीने जोडले गेले आणि त्या पेशी त्याच रुग्णांना परत देण्यात आल्या. या प्रक्रियेने मरणोन्मुख झालेल्या पेशींवर वाहून आलेला तुकडा शरीर शत्रूचा मानत नाही, असा त्यामागचा विचार होता. उपचार सुरक्षित ठरला आणि जास्त मात्रा मिळालेल्यांमध्ये मायलिनवर हल्ला करणाऱ्या टी पेशींचा प्रतिसाद उतरला. पुढे २०२१ मध्ये बायोएनटेक या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी दाह न भडकवणाऱ्या एमआरएनए लसीने उंदरांमधला एमएससदृश आजार आटोक्यात आणला.

तरीही घाई करता येत नाही, आणि त्याचे कारण अनुभवातून आलेले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मायलिनच्या तुकड्यात किंचित बदल करून तो रुग्णांना टोचला गेला. हल्ला शमवण्याऐवजी काही जणांमध्ये तो उलट भडकला आणि चाचणी थांबवावी लागली. तोच तुकडा कोणत्या रूपात आणि किती मात्रेत दिला, यावर यंत्रणा शांत होणार की चवताळणार हे ठरते. शिवाय हल्ल्याचे लक्ष्य प्रत्येक रुग्णात सारखे नसते आणि काळानुसार ते विस्तारत जाते. उंदरात आपण आजार स्वतः निर्माण करतो, म्हणून लक्ष्य माहीत असते; माणसात ते शोधावे लागते.

त्यामुळे यंत्रणेला असे नव्याने शिकवणारा कोणताही उपचार एमएससाठी आज मान्यताप्राप्त नाही. तशी लस किंवा काढा कोणी विकत असेल, तर तो घेऊ नका, आणि त्याच्या भरवशावर चालू औषध तर मुळीच बंद करू नका, कारण एकदा तुटलेला मज्जातंतू परत जोडता येत नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे आणि प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.