चिरेखाणीतून दिसणारा बर्फाचा उतार

रत्नागिरीजवळच्या सड्यावरची ही चिरेखाण. कापलेल्या सरळ भिंतीकडे पाहिले की वरचा कडक जांभा आणि त्याखालची मऊ, फिकट चिकणमाती असे थर वेगवेगळे ओळखू येतात. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या अफरवट शिखरावर, गोंडोला या रोपवेने सुमारे ३,९५० मीटर उंची गाठून आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग करणारी जाणती माणसे, उतरण्यापूर्वी बर्फात अशीच उभी भिंत खणतात. कारण वरून एकसंध भासणाऱ्या त्या बर्फातही प्रत्येक हिमवर्षावाचा थर निराळा असतो.

हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो, तर त्याहून उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही. अडचण अशी की, स्कीइंगची खरी मजाही याच अंशांत आहे.

कच्चा थर तयार होतो तो थंडीमुळे. जमिनीलगतच्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते, पृष्ठभाग मात्र रात्री उणे १५ अंशांपर्यंत गार होऊ शकतो, आणि बर्फ जितका पातळ, तितका हा फरक कमी जाडीत सामावतो. दर १० सेंटिमीटरला १ अंशाहून अधिक फरक पडू लागला, की आतली वाफ वर सरकते आणि बर्फाच्या कणांचे टोकदार, सुटे खडे बनतात. मिठागरातले कोरडे जाडे मीठ मुठीत कितीही दाबले तरी त्याचा लाडू वळत नाही; हा थर अगदी तसाच असतो. म्हणूनच हंगामाच्या सुरुवातीचा थोडासा बर्फ नवख्याला निरुपद्रवी वाटला, तरी पुढे वाऱ्याने आणून टाकलेली जड लादी त्यावर बसली की तोच सर्वांत दगाबाज ठरतो.

कच्च्या थरावरून वरचा भार सरकतो, इथवर हे कोकणातल्या दरडीसारखेच; पुढे मात्र साम्य संपते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ती अतिवृष्टीत. स्कीइंग करणारे ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यांतली बहुतेक त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असतात.

त्यामुळे खणलेल्या भिंतीत ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. मनगटाच्या हलक्या थापांतच खांब सपकन सरकला, तर तो उतार सोडून ३० अंशांहून सौम्य, वर उभा डोंगर नसलेली वाट धरावी लागते. खांब टिकला म्हणून सगळा उतार सुरक्षित मानणे मात्र धाडसाचे आहे, कारण वाऱ्याने पन्नास पावलांवर वेगळाच थर रचलेला असू शकतो.

आता रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा. गुलमर्गला निघालेल्या गिर्यारोहकांनी सरावासाठी भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत पिशवी पुरली असून तिच्यात ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा बीकन, म्हणजे गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारे यंत्र, आहे. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला, तर वाचण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्याने घटते. हातातल्या बीकनच्या बाणामागे जात, प्रोबची लांब काठी खुपसत त्यांनी पिशवी लवकर शोधली. वाळू उपसायला मात्र शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि स्खलनानंतर घट्ट बसलेला बर्फ या वाळूपेक्षा कितीतरी कठीण असतो. आता दुसरी पिशवी पुरली जात आहे. या वेळी फावडी तिघांच्या हातांत आहेत.