शेवटची रिअ‍ॅक्शन मेंदूत

शिशाच्या जाड काचेपलीकडे ती एवढीशी कुपी दिसतेय ना, त्यात फ्लोरिन-18 आहे, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन. सायक्लोट्रॉनमधून (कणांना वेग देणारं यंत्र) आत्ताच आलंय. 110 मिनिटांत त्यातलं निम्मं जाणार, पुढच्या 110 मिनिटांत उरलेल्याचं निम्मं, त्यामुळे इथं बोलायलाही कुणाला वेळ नसतो, काचेआड यांत्रिक हात हलतात आणि सगळ्यांचा डोळा घड्याळावर.

हे फ्लोरिन एखाद्या रेणूला चिकटवायचं आणि तो मेंदूत कुठे बसतो ते पेट स्कॅनवर, म्हणजे अंगातलं रेडिएशन टिपणाऱ्या स्कॅनवर, बघायचं. रेणू छोटा असेल तर हे जमून जातं, टोचला, मेंदूत शिरला, तासा-दोन तासांत पेट स्कॅन उरकला. पण अँटिबॉडी, म्हणजे ठरलेलं लक्ष्यच पकडणारं मोठं प्रोटीन? ती वजनाला जवळपास दीड लाख डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक), म्हणजे नेहमीच्या औषधाच्या रेणूच्या तीनशेपट वगैरे, आणि रक्त नि मेंदूच्या मधली भिंत तिला उभंच करत नाही, टोचलेल्यातला हजारात एखादा भाग आत पोचला तर पोचला. मग स्वीडनमधल्या उप्सालाच्या लोकांनी अँटिबॉडीला ट्रान्सफेरिन रिसेप्टर पकडणारा एक तुकडा जोडला (मेंदू लोह ज्या दारातून घेतो तेच दार) आणि 2016 मध्ये उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रोटीन) पेटवर दाखवलं, किरणोत्सारी आयोडीन-124 लावून.

आयोडीन-124 का, तर त्याला दम आहे, निम्मं व्हायला चारेक दिवस. अशाच कामाच्या किरणोत्सारी झिर्कोनियम-89 ला 78 तास. अँटिबॉडी रक्तात दिवसेंदिवस फिरते, ती ओसरल्याशिवाय मेंदूतला सिग्नल वेगळा कळत नाही, म्हणून थांबायचं, आणि तेवढे दिवस रेडिएशन अंगात बाळगायचं. इथेच गोची.

यावरची खरी डोकॅलिटी अशी, की अँटिबॉडी आधी कोरीच, रेडिएशनशिवाय सोडायची, अंगावर फक्त एक हुक, ट्रान्स-सायक्लोऑक्टीन. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. मग फ्लोरिन-18 वालं चिमुकलं टेट्राझिन टोचायचं, ते हुकाला भेटलं की झटकन जुळतं, नायट्रोजन बाहेर टाकतं, आजूबाजूच्या पाण्या-प्रोटीनकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे शेवटची रिअ‍ॅक्शन फ्लास्कमध्ये नाही, थेट मेंदूत!

पण टेट्राझिन भिंत ओलांडण्याइतकं तेलकट हवं, आणि जरा जास्त तेलकट झालं की मेंदूत भलतीकडेच चिकटून बसतं. हुक शरीरात हळूहळू ट्रान्सचा सिस होतो (अणू तेच, आकार वेगळा), मग तो कामातून गेला. रक्तात उरलेली अँटिबॉडी टेट्राझिनला वाटेतच गाठते, आणि पेशीने गिळलेली अँटिबॉडी तर हाताला लागणं मुश्कील. अमायलॉइडचे गोळे पेशींच्या बाहेर असतात म्हणून तिथं निदान आशा आहे. टाऊ या अल्झायमरमधल्याच दुसऱ्या प्रोटीनच्या गाठी बहुतेक पेशीच्या आत, तिकडे अँटिबॉडी पोचवायची हीच मोठी पंचाईत.