रिजेक्ट कास्टिंग घेऊन ब्रांच समजून घेऊया

माईक नको मला, भट्टीजवळ ओरडून ओरडून आवाज असाच झालाय, मागं ऐकू जातंय ना? हां. तर मगाशी दारातच एका काकांनी धरलं, म्हणाले सर, पोराला सीईटीला चौऱ्याऐंशी परसेंटाईल आहेत, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर ब्रांच मिळंल का, आणि नाही मिळालं तर मग काय करायचं? आधी एक सांगतो, चौऱ्याऐंशी परसेंटाईल म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के मार्क नव्हेत, शंभरातली साधारण चौऱ्याऐंशी पोरं तुमच्या मागं आहेत एवढाच त्याचा अर्थ. आणि "मग काय" ह्याच्यासाठीच ही वस्तू आणलीय.

ही पंपाची बॉडी. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतला, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यातला, रिजेक्ट पीस. हिथं बोट फिरवून बघा, आतनं गुळगुळीत भोक लागंल, ह्याला ब्लोहोल म्हणायचं. साच्याच्या वाळूत थोडं पाणी लागतंच, तीन-चार टक्के, नाहीतर वाळू धरून राहत नाही, पण ते जरा वाढलं आणि वरनं 1400 डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही आणि ती आतच अडकते. झालं, पीस गेला.

आता हे भोक कुणी शोधायचं, कुणी बुजवायचं? म्हणजे ह्या पीसवर नाही हो, पुढच्या हजार पीसवर. वाळूचा ओलावा, धातूत कार्बन किती सिलिकॉन किती, हे मेटलर्जीवाला बघतो. धातू साच्यात कुठनं शिरंल, रनर-रायझर, म्हणजे धातू वाहायची वाट आणि जादा धातूचा साठा, कुठं ठेवायचा, नंतर व्हीएमसी ह्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर किती मटेरियल काढायचं हे मेकॅनिकलवाल्याचं. इंडक्शन भट्टीच्या तांब्याच्या कॉइलमधनं एका बाजूला प्रचंड करंट आणि त्याच कॉइलच्या आतनं गार करायला पाणी, ते सांभाळायचं आणि महिन्याचं वीजबिल बघून मालकाच्या शिव्या खायच्या, हा इलेक्ट्रिकल. सेन्सर, कंट्रोल कार्ड आलं की ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, किंवा इन्स्ट्रुमेंटेशन. आणि धातू ओतायच्या आधीच स्क्रीनवर तो कुठं आधी थिजणार, पोकळी कुठं राहणार हे दाखवणारं जे सॉफ्टवेअर आहे ते लिहायला कॉम्प्युटरवाला लागतो, पण त्याच्या शेजारी मेकॅनिकलवाला बसला नाही तर तो लिहिणार काय? एका पंपात एवढी माणसं.

सिव्हिल राहिलं. पण कोल्हापुरात बसून सिव्हिलला नाक मुरडायचं म्हणजे कमालच. इंजिनिअरिंगच्या पोरांना केटी म्हटलं की बॅकलॉग, राहिलेला विषय आठवतो, (हसू नका, पुढच्या वर्षी कळंल) पण सिव्हिलच्या पुस्तकात केटी विअर म्हणजे कोल्हापूर टाईप, आपला बंधारा! पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पूर आणि गाळ निघून जाऊ द्यायचा, पाऊस ओसरला की बरगे घालून पाणी अडवायचं. दर जुलैला आपण सगळे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं बघत असतो, 39 ला इशारा, 43 ला धोका, ते आकडे आणि त्याच्यामागचं गणित कुणाचं?

एआय-डेटा सायन्सबद्दल थोडक्यात, पाया कॉम्प्युटरचाच, वर स्टॅटिस्टिक्स जास्त. गणित नको म्हणून तिकडं जाणारं पोरगं फसतं. आणि नावात एआय आहे म्हणून कुठल्याही कॉलेजला जायचं हे मला पटत नाही, लॅब बघा, शिकवायला कोण आहे बघा.

मी स्वतः 1996 ला मेकॅनिकल घेतलं ते मामा म्हणाले म्हणून. ड्रॉइंगचा नाद होता म्हणून तरलो. माझ्या रूममेटला ड्रॉइंग म्हटलं की ताप यायचा, शीट मीच काढून द्यायचो, पण प्रोग्राम चालंना झाला की तो जेवण विसरून रात्र काढायचा आणि मला तासाभरात वैताग यायचा. आम्ही दोघं एकाच वर्गात! म्हणून मी पोरांना "काय आवडतं" विचारत नाही, सतरा वर्षाच्या पोराला काय सांगता येणार. कुठली कटकट तुला सोसते ते विचारतो. थर्ड इयरचा सिलॅबस डाउनलोड करा, पहिलं वर्ष सगळ्यांचं जवळपास सारखंच, त्यावरनं काही कळत नाही. आणि उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात, इचलकरंजीच्या एखाद्या मिलमध्ये ओळख काढून एक दिवस उभं राहा. चहा फुकट मिळंल.

ॲडमिशनचा, कॉलेज-ब्रांच निवडायचा ऑप्शन फॉर्म मात्र खऱ्या आवडीच्या क्रमानं भरा, पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन लागला की सीट फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की, मग "सर आम्ही सहज वर टाकलेलं" म्हणून काही उपयोग नाही.

काय ताई? मुलीला मेकॅनिकलला घालू का? घाला की. उष्णता आहे, धूळ आहे, खोटं सांगणार नाही, सगळ्यांनाच ती आहे. आमच्या क्वालिटीला दोन मुली आहेत, हा पीस त्यातल्याच एकीनं काल रिजेक्ट केला, सुपरवायझर चालवून घ्या म्हणत होता, तिनं नाही ऐकलं.

बरं, तो पीस कुणाकडं आहे आता? जरा पुढं पाठवा, जड आहे, पायावर पाडू नका. उद्या सकाळी परत भट्टीत टाकायचाय.