दमानं घ्या: श्वास ओढण्याआधी ओळखावा कसा

कोल्हापुरात ‘दम’ हा शब्द दोन तऱ्हांनी चालतो. तालमीत पैलवानाला दम किती, ते बघतात. आणि घाईत असलेल्याला ‘जरा दमानं घे’ म्हणतात. एक ताकदीचा, दुसरा सावकाशीचा. आज मला या दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण योगवर्गात लोक सुरुवातच पहिल्या, ताकदीच्या दमापासून करतात.

आत्ता बसल्या जागी एक करा. एक तळहात बेंबीवर, दुसरा छातीच्या मध्यभागी. श्वास बदलू नका. कुठला हात आधी हलतो तेवढंच बघा. आता दीर्घ श्वास घ्या. बघा, कितीतरी जणांचे खांदे वर गेले आणि पोट आत ओढलं गेलं! शाळेच्या कवायतीतलं ‘छाती पुढं, पोट आत’ अजून अंगातून गेलेलं नाही. श्वासपटल हा छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूंचा घुमट. श्वास घेताना तो खाली उतरतो, पोटातले अवयव खाली दाबले जातात, म्हणून पोट पुढं आणि खालच्या बरगड्या बाजूला यायला हव्यात. पोट आवळून धरलं की घुमटाला उतरायला जागा मिळत नाही, मग मानेचे स्नायू बरगड्या वर उचलत बसतात. पट्टा किंवा विजारीची नाडी घट्ट असली तरी हेच होतं.

थोडा हिशेब मांडू. साध्या श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत येते. त्यातली 150 नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते, कामाला येतात 350. मिनिटाला 15 श्वास धरले तर सव्वापाच लिटर. आता तेच 250 मिलिलिटरचे 30 उथळ श्वास घ्या. एकूण हवा तेवढीच, साडेसात लिटर. पण कामाला येते फक्त 3 लिटर. धापा टाकून का भागत नाही, ते यात आलं.

घरी सराव आडवं होऊन करा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, दोन पावलांत कमरेइतकं अंतर ठेवा. बेंबीवर एक किलो तांदळाची पिशवी. पिशवी श्वासाबरोबर वर जाते, सोडताना खाली येते. ती ढकलायची नाही; ढकलली तर पोटाचे स्नायू ताठरतात आणि कंबर जमिनीवरून सुटते. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं एवढंच, मोजणीही नको. लोकांना हे फार कमी वाटतं. माझ्या मते वर्षभराच्या सरावातला हाच सगळ्यात कामाचा आठवडा.

आता शरीराची जाणीव. डोळे मिटूनही बोट नाकाच्या शेंड्याला नेमकं लागतं, कारण स्नायूंत, त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांत आणि सांध्यांत ताणाची खबर देणारे संवेदक असतात. पण जोर जास्त लावला की ती बारीक खबर हरवते. डोक्यावर तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, असताना त्यावर लिंबू ठेवलं तर कळेल का? रिकाम्या तळहातावर लगेच कळतं. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखकर सांगितलं, आणि लगेच पुढच्या सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे जोर सैल सोडणं, हा शब्द घातला, तो उगाच नाही.

पाय पसरून बसून पुढं वाकायचं पश्चिमोत्तानासन घ्या. पायाचे अंगठे धरायचेच, या हट्टात पाठ कासवासारखी होते. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की कटी, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, मागं ओढली जाते, वाकणं कमरेच्या मणक्यांवर येतं आणि पोट दाबून श्वास अडतो. बसण्याच्या हाडांखाली घोंगड्याची चार बोटं जाड घडी घ्या, गुडघे किंचित वाकवा, हात नडगीवर ठेवा. भुजंगासनात पालथं झोपून छाती वर आणल्यावर तळहात क्षणभर जमिनीवरून उचलून बघा. छाती धपकन खाली आली तर पाठ काम करत नव्हती, हात ढकलत होते. कुठल्याही आसनात श्वास अडकला की दोन बोटं मागं या.

मोजणी दुसऱ्या आठवड्यानंतर. चार सेकंद आत, चार बाहेर. ते सहज झालं की चार आत, सहा बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. उच्छ्वासात हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून तो लांबवायचा. पण पुढचा श्वास हिसक्यानं ओढावा लागला तर आकडा जास्त झाला. एक कमी करा. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर ती ‘ऊर्जा’ नव्हे. जोरजोरात श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचल्या. थांबा, नेहमीचा श्वास येऊ द्या. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, इतक्यात नाही. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर कपालभाती करू नका. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण झालं असेल तर चारच धरा.

आडवं होऊन जमलं की बसून, मग उभं राहून, मग चालताना. रंकाळा तलावाकाठच्या सपाटीवर चार पावलं आत, चार बाहेर. जोतिबाच्या पायऱ्यांवर तीन-तीन, पुढं दोन-दोन. नाकानं भागेना, तोंड उघडायला लागलं की श्वासाशी झगडू नका, पावलं कमी करा.